न वाचलेल्या सात वह्या

मी एका कागदावर खोटे लिहिले आणि त्याखाली सही केली. कागद आमच्या कला महाविद्यालयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचा होता. ‘गुणांचा आधार’ या रकान्यात मी लिहिले होते : ‘मार्गदर्शक शिक्षकांच्या निरीक्षणवह्यांचे संपूर्ण वाचन व यजमान कारागिराचा अभिप्राय.’ त्यातली एकही वही मी उघडली नव्हती. सात वह्या सुतळीने बांधून माझ्या टेबलावर ठेवलेल्या होत्या आणि त्या सुतळीची गाठसुद्धा मी सोडली नव्हती. पाच वर्षे हे मी कोणालाही सांगितले नाही. आता सांगून झाले आहे, म्हणूनच लिहिताना हात अडत नाही.

परंतु हे माझ्या अपराधाचे आख्यान होऊ नये. तसे झाले तर त्यातही मीच पुढे येऊन बसेन. त्या वह्या ज्यांच्या होत्या, त्या सरांविषयी मला लिहायचे आहे. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, आमच्याच महाविद्यालयात रेखाटन आणि वस्तुचित्र शिकवणारे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की जिन्यात बोलले तर गच्चीवरच्या विद्यार्थ्याने पेन्सिल खाली ठेवावी. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या मुलीपर्यंत सगळ्यांना ते ‘मालक’ म्हणत. सकाळी वर्गात शिरताना त्यांचा प्रश्न ठरलेला असे : “काय मालक, आज किती बिघडवलं?”

त्यांच्या वर्गात केराची टोपली नव्हती. बिघडलेला कागद फेकायला त्यांची मनाई होती. त्यावर तारीख घालायची, काय बिघडले ते एका ओळीत लिहायचे आणि वर्षअखेरीस चांगल्या चित्रांबरोबर हा गठ्ठाही आणून द्यायचा. ज्याचा गठ्ठा पातळ, त्याच्याकडे ते संशयाने पाहत. एकदा एका मुलाने सारीच्या सारी चित्रे नीटनेटकी आणली आणि म्हणाला, “सर, माझं बिघडलंच नाही.”

“मग तुम्ही इथं कशाला आलात?” सरांनी विचारले. “घरी जा. आईला सांगा, फी परत मागा.”

मुलगा रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी त्याने घाईघाईने दहा कागद बिघडवून आणले. सरांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. “हे बिघडवायचंसुद्धा तुम्हाला जमलेलं नाही. आता सुरुवात करू या.”

निसर्गचित्रासाठी मुलांना गोदाघाटावर न्यायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. रामकुंड, देवळांची शिखरे, छत्र्या आणि पाण्यातली त्यांची प्रतिबिंबे, असे चित्र नाशिकच्या प्रत्येक चित्रकाराच्या घरी एक तरी असतेच. सरांनी एका वर्षी फर्मान काढले की सगळ्यांनी नदीकडे पाठ करून बसायचे. मुले दोन दिवस बोहारणींचे गाठोडे, भांडी घासणारे हात आणि बसस्टॉपचा पत्रा काढीत बसली. घाटावरचे एक पुजारी चौकशीला आले. “अहो मास्तर, गंगा तिकडं आहे.” सर म्हणाले, “गंगेला माहीत आहे. पोरांनाही माहीत आहे. म्हणूनच तिकडं बघायला नको.”

सर्वांत गाजली ती त्यांची घागर. वस्तुचित्रासाठी मांडलेली पितळी घागर काढण्याआधी प्रत्येकाने ती खालच्या नळावर भरून दोन मजले चढवून आणायची, मग पाणी ओतून द्यायचे आणि चित्राला बसायचे. “रिकामी घागर काढणारे गावात पुष्कळ आहेत,” असे ते म्हणत. जिना ओला होई, शिपाई किसनमामा बडबडत फडके मारीत, आणि मी शिक्षकांच्या खोलीत बसून हसत असे. हसण्याच्या भरात एकदा मी त्यांना पैज लावली. पैजेपुरती एका वर्गातल्या निम्म्याच मुलांना घागर उचलायला लावली. नावे झाकून मी दहा चित्रे त्यांच्यापुढे ठेवली. कोणी उचलली नाही, ते ओळखा म्हटले.

सरांनी तीन चित्रे बाजूला काढली. दोन बरोबर निघाली. तिसरे मनीषाचे होते, आणि मनीषाने घागर उचललेली होती.

“चुकलो!” सर ओरडले. त्यांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला होता. “लिहून ठेवा मालक, चुकलो! मनीषा, इकडं या. तुम्ही घागर उचललीत, मग चित्रात तिचं वजन का नाही आलं?”

मनीषा सुरगाण्याकडची. वर्गात फारशी बोलत नसे. ती खाली पाहत म्हणाली, “सर, घरी मी रोज उचलते. उन्हाळ्यात तर तीन खेपा. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “माझं चुकलं. जे तुमचं रोजचं ओझं, ते मी तुम्हाला अनुभव म्हणून वाढलं.” त्यांनी खिशातली वही काढून लगेच लिहिले : अनुभव कोणाला नवा आणि कोणाला रोजचा, हे आधी विचारायला हवे. त्यानंतर त्यांच्या वर्गात प्रत्येकाने काय उचलायचे, हे प्रत्येकाशी बोलून ठरू लागले. चूक कबूल करायला त्यांना एक श्वास पुरे होत असे. हे मी इतक्या जवळून पाहिले होते, आणि तरीही शिकलो नव्हतो.

नव्या अभ्यासक्रमात अनुभवाधारित अध्ययनाला स्वतंत्र गुण आले, तेव्हा आमच्या समितीत मोठी चर्चा झाली. वरून नमुना आला होता : सहभाग, कौशल्य, सादरीकरण, नावीन्य. चार रकाने, चारांची बेरीज. समितीचा मी समन्वयक होतो. मला तो नमुना आवडला होता, कारण तो एका पानात मावत होता.

सरांनी तो कागद हातात घेतला आणि विचारले, “मालक, सकाळी मिसळ खाल्लीत का?”

“खाल्ली.”

“मटकीला किती देता?”

“सर, काय चाललंय?”

“सांगा तर. मटकीला दहापैकी सात. रश्श्याला नऊ, तर्री झणझणीत होती. फरसाणाला सहा, कांद्याला आठ. झाली तीस. आता मला सांगा, ही तीस खाल्ली कोणी?”

प्राचार्या मॅडमसुद्धा हसल्या. “मग तुमचं म्हणणं काय, सर? गुण तर द्यावेच लागतील.”

“द्या ना. पण ज्यानं खाल्ली त्याला विचारून द्या.”

मॅडम मोकळ्या मनाच्या होत्या. त्यांनी सरांना एक वर्ष दिले. सरांनी तिसऱ्या वर्षाच्या चौदा मुलांना घेऊन पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर पंधरा दिवस राहायचे ठरवले. त्या भागात चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे डोक्यावर चढवून माणसे संबळाच्या तालावर नाचतात. पाड्यावर मुखवटे करणारे एक म्हातारे कारागीर होते, आणि ते मुखवटे घालून आयुष्यभर नाचलेले एक बाबा होते. कारागिराने शिकवायचे, मुलांनी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचे, बाबांनी ते घालून पाहायचे, आणि सरांनी रोज जे घडेल ते लिहून ठेवायचे. गुण मात्र सरांनी द्यायचे नाहीत.

ही अट त्यांनी स्वतःच घातली होती. परत आल्यावर सात वह्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

“यात गुण नाहीत, मालक. यात काय झालं ते आहे. तुम्ही वाचा आणि तुम्हाला वाटतील ते द्या.”

“तुम्हीच द्या ना, सर. तुम्ही तिथं होतात.”

“म्हणूनच नको. माझा जीव गुंतलाय पोरांत. जो तिथं नव्हता, त्याला नुसतं वाचून कळतंय का, तेच तर बघायचंय. कळलं तर पद्धत खरी.”

मॅडमनी त्यावर आणखी एक सूचना केली. त्याच मुखवट्यांना जुन्या पद्धतीनेही गुण द्यावेत आणि दोन्ही रकाने शेजारी-शेजारी मांडून फरक पाहावा. सूचना रास्त होती. दोन्ही रकाने भरायचे काम समन्वयक या नात्याने माझ्याकडे आले.

जुनी पद्धत म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. कला महाविद्यालयात चित्रे जमिनीवर ओळीने मांडतात. शिक्षक चपला काढून त्यांच्यामधून फिरतो आणि हातातल्या फूटपट्टीने दाखवतो : हे वर, हे खाली, ते अजून खाली. शिपाई कागद उचलून हलवतो. अर्ध्या तासात उतरंड लागते. मग वरच्याला वरचे गुण आणि तळाला तळाचे. या कामात माझा हातखंडा होता. परीक्षांच्या दिवसांत इतर महाविद्यालयेही मला बोलवीत. पाहताक्षणी कळते, असा माझा लौकिक होता आणि तो मला प्रिय होता.

चौदा मुखवटे मी स्टुडिओच्या फरशीवर मांडले. पंचवीस मिनिटांत जुना रकाना भरला. त्यात मनीषाचा मुखवटा शेवटचा होता. त्याचे नाक वाकडे होते आणि रंग घाईत लावल्यासारखा ओघळलेला होता. किसनमामांनी तो उचलून भिंतीशी ठेवला.

मग मी वह्यांसमोर बसलो. बाहेर प्रवेशांची गर्दी होती, परीक्षांची कामे होती, आणि पुढे कितीतरी वर्षे मी स्वतःला हेच कारण सांगत आलो. ते खरे नव्हते. मला वेळ होता. मला भीती वाटली. मी फरशीवर जे पाहिले, त्याहून वेगळे काही त्या वह्यांत निघाले, तर माझ्या वीस वर्षांच्या पंचवीस-पंचवीस मिनिटांचे काय? मी सुतळीकडे पाहत राहिलो. मग पेन उघडले आणि जुन्या रकान्यातले गुण नव्या रकान्यात उतरवले. संशय येऊ नये म्हणून पाच-सहा ठिकाणी एखादा गुण इकडे-तिकडे केला. आणि आधाराच्या रकान्यात ते वाक्य लिहिले, सुबक अक्षरात.

त्या वेळी मला वाटले होते, फार तर एक कागद खोटा होईल. कागदाचे पुढे काय होते, याचा मी विचार केला नव्हता.

समितीच्या बैठकीत मॅडमनी दोन्ही रकाने पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. “सर, मला वाईट वाटतंय. पण हे जवळजवळ सारखंच आलंय. नव्या पद्धतीनं काहीच नवं दिसत नसेल, तर पंधरा दिवस मुलांना तिकडं ठेवायचं कशासाठी? मुखवटे आपण इथंच करून घेऊ.”

सरांनी कागद मागून घेतला. बराच वेळ पाहिला.

“मनीषा तळाला?” त्यांनी मला विचारले.

“हो, सर.”

“वह्या वाचल्यात ना तुम्ही?”

“वाचल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या, सर.”

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले. त्या नजरेत संशयाचा लवलेशही नव्हता. आजही मला आठवतो तो हाच विश्वास. ते मॅडमकडे वळून म्हणाले, “मग चूक माझी आहे. मला तिथं जे दिसलं, ते कागदावर उतरलं नाही. किंवा ते नव्हतंच, मला उगाच दिसलं. पद्धत मागे घेतो.”

मी तेव्हा बोलायला हवे होते. एका वाक्याचे काम होते. मी पाण्याचा ग्लास उचलला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या वर्गात केराची टोपली आली. निळी, प्लास्टिकची. भद्रकालीच्या बाजारातून त्यांनी स्वतः आणली होती. किसनमामा मला सांगायला आले. “साहेब, सरांना बरं नाही का? पोरांना म्हणाले, बिघडलेलं टाकून द्या, वेळ घालवू नका.” नंतरचे वर्षभर सरांनी वस्तुचित्र शिकवले, घागर जागेवरून हलली नाही, जिना कोरडा राहिला. सकाळी वर्गात शिरताना ते नुसती हजेरी घेत. वर्ष संपले तेव्हा ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांच्याविषयी मीच बोललो आणि चांगले बोललो.

वह्या माझ्या लोखंडी कपाटात तळाला राहिल्या. त्यांनी त्या परत मागितल्या नाहीत. वाचून झालेल्या वह्या कशाला मागायच्या?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तपासणीसाठी कपाटे रिकामी करायची वेळ आली, तेव्हा मी एकटाच होतो. सुतळी कुजली होती, ओढताच तुटली. मी उभ्या-उभ्या पान उलटले आणि मग खुर्ची ओढून बसलो. सरांचे अक्षर बारीक, पेन्सिलचे, पण स्वच्छ होते.

‘दिवस नववा. मनीषा डोळ्यांची भोके चौथ्यांदा बुजवते आहे. का, विचारले. म्हणाली, मुखवटा घालून अंगणात चालून पाहिले, उंबरठा दिसला नाही. नाचणाऱ्याला पायाखालचे दिसायला हवे. अशाने रंगाला वेळ उरणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तरीही बुजवते आहे.’

‘दिवस चौदावा. दुपारी बाबांनी सगळे मुखवटे घालून पाहिले. पहिला सर्वांत देखणा. चार पावले टाकून उतरवला. म्हणाले, लय भारी दिसतो, पण यातून पाय दिसत नाय. मनीषाचा घातला आणि नाचू लागले. उतरवायला सांगावे लागले. म्हणाले, नाक वाकडं हाय, ऱ्हाऊ द्या. मान धरली नाय, श्वास कोंडला नाय. यात मी उजाडंपर्यंत नाचंन. विचारले, बाबा, शंभरातले किती? म्हणाले, मला शंभराचं कळत नाय. यंदा मी हाच घालनार. — मुखवटा गुण झाल्यावर पाड्यावर परत पोहोचवायचा आहे.’

जो देखणा मुखवटा बाबांनी चार पावलांत उतरवला, त्याला मी सर्वांत वरचे गुण दिले होते. आणि जो त्यांना उतरवायला सांगावा लागला, तो मी भिंतीशी ठेवायला लावला होता. परत पोहोचवण्याची ती सूचना माझ्यासाठी होती; मुखवटा पाड्यावर गेलाच नव्हता. भांडारखोलीत तो सापडला. एका कानाचा कोपरा उंदरांनी खाल्ला होता. बाकी धड होता.

त्यानंतरही चार महिने गेले. हे लिहितानाही लाज वाटते, पण गेले. अखेर मी मॅडमना लेखी निवेदन दिले, समन्वयकाचे काम सोडले, आणि दुसऱ्या दिवशी वह्या व मुखवटा पिशवीत घालून देवळाली कॅम्पची बस धरली.

सर तिथे बाजारामागच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहतात. वहिनींनी दार उघडले. सर पाटावर बसून नातवाच्या वहीला पुठ्ठा घालीत होते.

“या मालक! बऱ्याच दिवसांनी. अहो, चहा टाका.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचे-तिकडचे बोलू लागलो असतो. मी म्हणालो, “सर, मुखवट्यांच्या वेळी तुम्ही मला वह्या दिल्या होत्या. त्या मी वाचल्या नव्हत्या—”

तेवढ्यात तोफखान्याच्या मैदानातून सरावाचा बार झाला आणि खिडकीची तावदाने थरथरली. सरांनी हात वर केला. पाठोपाठ आणखी दोन बार झाले. सरांचा हात तसाच वर होता. तितक्या वेळात मला परत जाण्याचे किती मार्ग सुचले! मग शांतता झाली आणि सर म्हणाले, “हं. वाचल्या नव्हत्या, इथवर आलात. पुढे.”

मी पुढे सांगितले. फरशीवरचे मुखवटे, रकान्यातून रकान्यात उतरवलेले गुण, ते सुबक अक्षरातले वाक्य, बैठकीतले ‘सगळ्या, सर’. काहीही गाळले नाही. पुठ्ठा सरांच्या मांडीवर तसाच राहिला.

“म्हणजे दोन्ही रकाने तुमचेच?” त्यांनी हळू विचारले.

“हो.”

“एकाच माणसानं, एकाच फूटपट्टीनं भरलेले?”

“हो, सर. तुमची पद्धत बरोबर होती.”

“थांबा, थांबा!” ते एकदम उठले. “बरोबर होती असं कोण म्हणतंय? घाई करू नका. ती तपासलीच गेली नव्हती. हे खरं की नाही?”

“खरं.”

“म्हणजे मी नापास झालो नव्हतो. माझा पेपरच कोणी तपासला नव्हता!” आणि ते हसू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. स्वयंपाकघरातून वहिनी डोकावल्या. “अहो ऐकलंत का,” ते त्यांना म्हणाले, “मला दिसायचं ते खोटं नव्हतं. निदान खोटं ठरलं नव्हतं!”

मग हसू ओसरले. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “पण मालक, एक वर्ष मी पोरांना चुका फेकायला शिकवलं. आणि इथं येऊन चार वर्षं हातात पेन्सिल धरली नाही. म्हटलं, ज्याला दिसत नाही त्यानं काढायचं कशाला. ती वर्षं तुम्ही मला कशी देणार?”

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. त्यांनी पिशवीतला मुखवटा काढला, उलटा-सुलटा करून पाहिला, उंदराने खाल्लेला कान चाचपला आणि मी काही म्हणण्याआधी तो डोक्यावर चढवला. पाय टाकीत ते खोलीच्या टोकापर्यंत गेले, वळले, स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला, परत आले.

“अहो, हे काय घातलंय डोक्यावर!” वहिनी म्हणाल्या. “दूधवाला यायची वेळ झाली. पळून जाईल तो.”

मुखवट्यातून आवाज आला, “उंबरठा दिसतोय. दोन्ही पाय दिसतायत. पोरीनं काम केलंय!”

मुखवटा उतरवल्यावर त्यांचा चेहरा घामेजला होता आणि पुष्कळ वर्षांपूर्वीसारखा दिसत होता. मी त्यांना मॅडमचा निरोप सांगितला. यंदा पुन्हा एका तुकडीला पाड्यावर पाठवायचे ठरते आहे. नोंदी वाचून गुण देणारा दुसरा कोणी असेल, आणि जुन्या पद्धतीचा रकाना तिसरा कोणी भरील.

“हे बरं केलंत. आता मनीषाला फोन लावा,” सर म्हणाले.

मनीषा आता सुरगाण्याकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. तिचा नंबर मी मिळवून ठेवला होता, लावला मात्र नव्हता. सरांनी माझ्या हातातला फोन घेऊन त्याचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा केला आणि पाटावर ठेवला. पलीकडे मुलांचा गलका होता. तो मागे पडेपर्यंत ती चालत बाहेर आली असावी.

मी तिलाही सारे सांगितले. बाबांनी काय म्हटले होते, ते सरांनी वहीतून वाचून दाखवले.

“बाबांनी दोनदा विचारलं होतं मला,” ती म्हणाली, “मुखवटा कधी येणार म्हणून. मी म्हटलं, तो काही चांगला नव्हता, बाबा. सगळ्यात कमी मार्क मिळाले त्याला.” ती थांबली. “सर, खरं सांगू? लगदा मी परत हातात घेतलाच नाही. पोरांना चित्रं शिकवते. मुखवटे करायचे असले की दुसऱ्या बाईंना बोलावते. म्हणते, मला नाही जमत.”

“मालक, तुम्हाला जमतं,” सर पाटाकडे वाकून मोठ्याने म्हणाले. “आत्ताच घालून चाललोय मी.”

ती हसली, मग तिचा आवाज जरा ओला झाला. “जाऊ द्या ना, सर. झालं ते झालं. तुम्ही एवढे मोठे, तुम्ही कशाला...”

तिने माझ्यासाठी दार उघडून दिले होते. त्या दारातून मी पूर्वी कितीतरी वेळा निसटलो आहे. समोर सर वही मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्याकडे पाहत होते. ते मला मदत करणार नव्हते. मॅडमना दिलेल्या निवेदनात मी ‘दिलगीर आहे’ असे लिहिले होते, पण तो शब्द माझ्या तोंडातून अजून कोणी ऐकला नव्हता. मी पाटासमोर खाली बसलो, दोघांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलू लागलो, आणि पहिल्याच शब्दाला छातीवरचे काहीतरी सुटून बाजूला झाल्यासारखे वाटले.

“नाही मनीषा, जाऊ द्यायचं नाही. सर, तुम्हीही ऐका. मी वाचलं नाही आणि वाचलं म्हणून सही केली. तुमचं काम बघायला मी घाबरलो, आणि माझी भीती झाकायला तुम्हा दोघांना खाली ठेवलं. माझं चुकलं. मला क्षमा करा.”